आइस्ड बनचं किट आणलं, बन दगड झाले, मग आईने कणीक तिंबली

किटबद्दल आधीच सांगून टाकते, घेऊ नका. १५ पाउंड दिले मी त्याला आणि त्यातून आठ बन निघाले, तेही असे की दुसऱ्या दिवशी चहात बुडवूनसुद्धा मऊ होईनात. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशी सिनेमा बघून बेकिंग करायची किट आता बऱ्याच जणांकडे मिळतात आणि मला राग एका कंपनीचा नाहीये, त्या बॉक्सवर जे लिहिलेलं असतं ना "३० मिनिटं ठेवा, फुगेल", त्याचा आहे. सविस्तर लिहिते, कारण नंतर आम्ही तेच बन घरच्या सामानातून केले आणि ते इतके सुंदर झाले की आता दर पंधरा दिवसांनी होतात.

आम्ही ब्रिस्टलला राहतो. इथे राहून ग्रोमिट, म्हणजे मातीच्या बाहुल्यांच्या ॲनिमेशन सिनेमांतला तो कुत्रा, माहीत नाही असं मूल सापडणार नाही, ते सिनेमे काढणारा आर्डमन स्टुडिओ याच गावातला, २०१३ साली तर इथल्या मुलांच्या हॉस्पिटलसाठी पैसे गोळा करायला गावभर ग्रोमिटचे माणसाएवढे मोठाले ८० पुतळे उभे केले होते, आणि परत २०१८ मध्ये तसाच उपक्रम झाला. आम्ही तेव्हा इथे नव्हतो पण लेकीच्या शाळेतले आईबाबा अजून सांगतात की आमचा कुठल्या रस्त्यावर होता वगैरे. तर लेक सात वर्षांची आणि तिचा सध्याचा आवडता सिनेमा म्हणजे 'अ मॅटर ऑफ लोफ अँड डेथ'. अर्ध्या तासाचाच आहे, २००८ च्या ख्रिसमसला बीबीसीवर लागला आणि त्या वर्षी ब्रिटनमध्ये टीव्हीवर सगळ्यात जास्त लोकांनी बघितलेला कार्यक्रम तो ठरला होता. त्यात ग्रोमिट आणि त्याचा मालक वॉलेस यांची बेकरी असते, 'टॉप बन' नावाची, ६२ वेस्ट वॉलबी स्ट्रीटवरचं त्यांचं तेच घर पण छपरावर चक्क पवनचक्की बसवलेली आणि आत कणीक मळणारे यांत्रिक हात, आणि मग गाडीतून घरोघरी पाव पोचवायचे. बघताना वास येतो हो पावाचा. लहान मुलं असतील तर एक लक्षात ठेवा, सुरुवातीलाच एका बेकरचा खून होतो आणि गावातले बेकर एकेक करून संपवले जात असतात, आमची पहिल्यांदा माझ्या कुशीत येऊन बसली होती. पण दुसऱ्यांदा बघितल्यावर भीती गेली आणि "आई आपण पण टॉप बन काढू या" हे सुरू झालं.

आइस्ड बन म्हणजे काय ते इकडे न राहणाऱ्यांसाठी सांगते. बोटासारखा लांबट गोड पाव, दूध-लोणी घातलेला, आणि त्याच्या डोक्यावर पांढऱ्या नाहीतर गुलाबी आइसिंगचा जाड थर. इथल्या प्रत्येक बेकरीत असतो, शाळेच्या केक सेलमध्ये असतो, म्हातारी माणसं पण घेतात आणि पोरं पण. आपल्याकडे बेकरीत टुटीफ्रुटीवाला गोड बन मिळायचा ना, त्याचाच हा साखरेची टोपी घातलेला मामेभाऊ म्हणा.

तर किट. बॉक्स दिसायला खरंच छान, कुत्रा, पवनचक्की, बेकरीची गाडी असं सगळं छापलेलं, आणि तो रिकामा बॉक्स उलटा घडी घातला की त्याची डिलिव्हरी गाडी होते, हे लेकीला इतकं आवडलं की ती गाडी अजून खिडकीत उभी आहे. आत पिठाची एक पिशवी, यीस्टचं ७ ग्रॅमचं पाकीट, आइसिंग शुगर, आणि ग्रोमिटचे कान काढायला तपकिरी आइसिंगची ट्यूब. सूचना सहा ओळींच्या. दूध गरम करा, पीठ मळा पाच मिनिटं, ३० मिनिटं ठेवा, बन करा, १५ मिनिटं ठेवा, भाजा. मी अगदी घड्याळ लावून तसंच्या तसं केलं. फेब्रुवारी महिना, हीटिंग दुपारी बंद असतं, किचनमध्ये १६ डिग्री. ३० मिनिटांनी पीठ होतं तिथेच होतं. म्हटलं सूचनेत लिहिलंय तर होईल ओव्हनमध्ये, आणि लेक शेजारी ॲप्रन घालून उभी, तिला थांब म्हणवेना. भाजले. बाहेरून रंग आला, आतून गच्च, हातात घेतल्यावर वजन लागत होतं. आणि आइसिंग, १५० ग्रॅम साखरेत चार मोठे चमचे पाणी सांगितलं होतं, ते इतकं पातळ की बनवरून ओघळून ट्रेमध्ये तळं झालं आणि त्यात तपकिरी ट्यूबचा रंग उतरला. लेक काही बोलली नाही, तिने एक बन खाल्ला आणि हळूच विचारलं की ग्रोमिट रडतोय का. मला फार वाईट वाटलं त्या वेळी, खरंच.

नंतर मी पिठाच्या पिशवीवरचा तो बारीक अक्षरातला तक्ता वाचला, प्रोटीन ९.८ टक्के. म्हणजे साधा केकचा मैदा. पावाला इथे जे 'स्ट्राँग' पीठ म्हणून मिळतं त्यात १२-१३ टक्के असतं आणि सगळा खेळ तिथेच आहे, कारण ते प्रोटीन पाणी पिऊन त्याची जाळी होते, यीस्टने सोडलेला वायू त्या जाळीत अडकतो आणि बन वर येतो. कमी प्रोटीनच्या पिठाने बन होतच नाही असं नाही, पण मग त्याला मळायला जास्त लागतं आणि वेळ जास्त लागतो, आणि किटने दोन्हीत काटछाट केलेली. हे सांगायला बॉक्सवर एक ओळ पुरली असती.

आता खरी गोष्ट. आई तेव्हा आमच्याकडे आलेली होती, सांगलीहून, तीन महिन्यांसाठी. तिने आयुष्यात ओव्हन लावलेला नाही. ती दुपारी झोपून उठली, ते बन बघितले, एक मोडला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "अगं पीठ आंबलंच नाहीये. आणि तिंबलं पण नाहीस." मी म्हटलं पाच मिनिटं मळलं की सांगितल्याप्रमाणे. "पाच मिनिटांत पोळीची कणीक होते, पुरणपोळीची होते का?"

आणि हे ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. पुरणपोळीची कणीक आपण कशी करतो, सैल भिजवायची, तेलाचा हात लावून लावून तिंबायची, आपटायची, ओढायची, तार सुटली पाहिजे, पोळी लाटताना पुरण दिसलं पाहिजे पण फाटता कामा नये. इंग्रजी बेकिंगवाले ज्याला विंडोपेन टेस्ट म्हणतात, कणकेचा तुकडा ताणून उजेडासमोर धरायचा आणि पलीकडचा उजेड दिसेपर्यंत तो फाटला नाही पाहिजे, ती आई चाळीस वर्षं करतेय आणि तिला कुणी नाव सांगितलेलं नाही. मी स्वतः तीन वर्षं यूट्यूब बघून ब्रेड करायचा प्रयत्न करतेय आणि हा संबंध मला लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी स्ट्राँग व्हाइट पिठाची दीड किलोची पिशवी आणली, दोन पाउंडाच्या आसपास पडते, आणि ईस्टनला सेंट मार्क्स रोडवरच्या स्वीट मार्टमधून हिरवी वेलची, ती आईची मागणी. प्रमाण लिहून घ्या, याचे तेरा बन होतात, तेराच का ते पुढे सांगते. पीठ ५०० ग्रॅम, साखर ६०, लोणी ६० (मीठ नसलेलं), कोमट दूध २५० मिली, एक अंडं, यीस्ट ७ ग्रॅम म्हणजे एक पाकीट, मीठ ८ ग्रॅम, आणि सहा-सात वेलच्यांची पूड. दूध कोमट म्हणजे विरजण लावताना असतं तसं, करंगळी बुडवून चटका लागला नाही पाहिजे, ५५-६० डिग्रीच्या पुढे यीस्ट मरतं आणि मग रात्रभर ठेवलं तरी उपयोग नाही. लोणी सोडून सगळं आधी एकत्र करायचं, चिकट होईल, घाबरून पीठ वाढवायचं नाही (हे फार महत्त्वाचं, माझे आधीचे सगळे ब्रेड इथेच कोरडे झाले), दहा मिनिटं तसंच झाकून ठेवायचं, मग मळायला घ्यायचं आणि लोणी थोडं थोडं करून मुरवायचं. आईने ओट्यावर घेतलं. पंधरा-वीस मिनिटं तळहाताने लांब रेटायचं, दुमडायचं, आपटायचं. सुरुवातीला लोणी घातल्यावर सगळं फाटल्यासारखं होतं, विस्कटतं, तिथे लोक सोडून देतात, पण अजून पाच-सात मिनिटं केलं की ते परत एकजीव होतं आणि एकदम कानाच्या पाळीसारखं मऊ लागायला लागतं. मिक्सर असेल तर त्यात करा, पण शेवटची पाच मिनिटं हाताने करा असं मी म्हणेन, कारण कधी झालं ते हातालाच कळतं.

फुगवायला आईने तिची दह्याची पद्धत वापरली. ओव्हन बंद, आत खालच्या कप्प्यात उकळत्या पाण्याचं पातेलं, वर कणकेचं भांडं ओल्या फडक्याने झाकून, आणि दार लावून घ्यायचं. आत साधारण २७-२८ डिग्री होतं, मी थर्मामीटर ठेवून बघितलं. सव्वा तास लागला. नंतर एप्रिलमध्ये याच कणकेला पन्नास मिनिटं लागली आणि एकदा थंडीत पातेलं ठेवायचं विसरले तर अडीच तास. म्हणून घड्याळ बघूच नका, दुप्पट झालं का ते बघा, पिठात बुडवलेलं बोट खुपसा, खड्डा हळूहळू अर्धा भरून आला तर झालं, झटकन भरला तर अजून वेळ आहे, भरलाच नाही तर जरा जास्त झालंय. किटच्या सहा ओळींत हे एक वाक्य असतं तर आमचा पहिला घाणा वाचला असता.

आता तेरा. त्या सिनेमात खुनी माणसाने बारा बेकर संपवलेले असतात आणि वॉलेस तेरावा, म्हणजे बेकर्स डझन पूर्ण. इंग्लंडमध्ये बेकरचं डझन तेराचं धरतात, तेराव्या शतकात इथे पावाचं वजन आणि किंमत यांचा कायदा होता, वजनात मारलं तर शिक्षा, म्हणून बेकर बारावर एक वरून घालायचे अशी त्याची गोष्ट सांगतात. आईला हे फार पटलं, ती म्हणाली झुकतं माप, आमच्याकडे दूधवाला घालतो तसं. लेकीने ठरवून टाकलं की तेराच करायचे. सगळी कणीक साधारण ९३५ ग्रॅम भरते, ७१-७२ ग्रॅमचा एकेक गोळा, तो चपटा करून घट्ट गुंडाळायचा, शिवण खाली, आणि बोटाएवढा लांब. ट्रेमध्ये लादीपावासारखे जवळजवळ लावायचे, मध्ये बोटभर जागा, म्हणजे दुसऱ्यांदा फुगल्यावर एकमेकांना खेटतात आणि बाजू मऊ राहतात, नुसता माथा भाजतो. हे दुसरं फुगणं ४०-४५ मिनिटं. मग १९० डिग्रीला १२ ते १४ मिनिटं. बाहेर काढल्यावर लोण्याचा हात आणि कोरडं फडकं झाकून ठेवायचं, वाफ आत राहते. घरात जो वास सुटला ना तेव्हा, पोहे-उपम्याची माझी आई खुर्ची घेऊन ओव्हनसमोर बसली होती.

आइसिंगला मात्र धीर धरा. बन पूर्ण गार झालेच पाहिजेत, आतूनसुद्धा, थोडा कोमट असला तरी साखर वितळते. २०० ग्रॅम आइसिंग शुगरला पाणी फक्त दोन मोठे चमचे, आणि मग पुढचं थेंबाथेंबाने. इडलीच्या पिठापेक्षा घट्ट हवं, चमच्याने वरून सोडलं तर त्याची रेघ आठ-दहा सेकंद तशीच दिसली पाहिजे. चमच्याने लावायचं नाही, बन उलटा धरून डोकं आइसिंगमध्ये बुडवायचं, जरा हलवून उचलायचं आणि कडेचं जास्तीचं बोटाने निपटून काढायचं. इथले बेकरीवाले तसंच करतात. थर जाड आणि गुळगुळीत येतो, अर्ध्या तासात वरून वाळतो आणि खाली मऊ राहतो, दातांनी तोडताना आधी तो हलका कडकपणा आणि मग वेलचीचा मऊ बन. मला या एका घासासाठी सगळा खटाटोप मान्य आहे.

ग्रोमिट करायचा असेल तर ट्यूब विकत घेऊ नका. आइसिंगमध्ये चिमूटभर इन्स्टंट कॉफी पाण्यात विरघळवून घातली की त्याचा तो फिकट बदामी रंग येतो, कान वितळवलेल्या डार्क चॉकलेटचे, बेकिंग पेपरवर थेंबासारखे काढून फ्रीजमध्ये घट्ट करायचे आणि आइसिंग ओलं असतानाच खोचायचे. नाक पण चॉकलेटचं. डोळ्यांसाठी अगदी थेंबभर पाण्यात घट्ट मळलेल्या आइसिंगच्या दोन गोळ्या आणि चॉकलेटचा ठिपका. तोंड काढायचं नाही! मी पहिल्या बनला हसरं तोंड काढलं तर लेकीने माझा हात धरला, "आई, त्याला तोंड नसतंच." खरंच नसतं. आधी त्याला आवाज द्यायचं ठरलं होतं म्हणे, पण त्याला घडवणाऱ्या निक पार्कच्या लक्षात आलं की नुसत्या कपाळाच्या वळीवरून त्याला काय वाटतंय ते सगळं कळतं, मग आवाज आणि तोंड दोन्ही सोडून दिलं. म्हणून डोळ्यांच्या वर बोटाने आइसिंगची एक छोटी उंच वळी ओढा, ती मधोमध वर उचलली की काळजीत पडलेला ग्रोमिट, मधोमध खाली दाबली की वैतागलेला. आमच्या लेकीने तेरा बनवर तेरा वेगवेगळ्या वळ्या ओढल्या आणि प्रत्येक ग्रोमिट काय विचार करतोय ते आजीला सांगितलं, आजीला मराठीत आणि मला मध्येच इंग्रजीत.

किटला पाचात दोन स्टार देतेय. एक त्या गाडी होणाऱ्या बॉक्सचा आणि एक यासाठी की यीस्ट ताजं होतं, ते मी उरलेलं कोमट दुधात टाकून बघितलं, फेस आला. पीठ चुकीचं, वेळ चुकीचा, आइसिंगचं प्रमाण चुकीचं, आणि हे सगळं लहान मुलांना समोर ठेवून विकलेलं, ज्यांना पहिल्यांदा फसलं की पुढे हात घालायची इच्छा राहत नाही. मी कंपनीला मेल केला, त्यांनी नवीन किट पाठवायची तयारी दाखवली, पण सूचना बदलणार का याचं उत्तर आलं नाही. घरच्या सामानात आम्हाला तेरा बन चार पाउंडाच्या आत पडले, आणि तेही चांगलं लोणी वापरून.

महाराष्ट्रात करणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी, माझ्या वहिनीने पुण्यात करून बघितले त्यावरून. आपला साधा मैदा दूध कमी पितो, तर २५० ऐवजी २२० मिलीने सुरुवात करा, लागलं तर वाढवा, आणि मळायला पाच मिनिटं जास्त द्या. उन्हाळ्यात पातेलं वगैरे काही नको, चाळीस मिनिटांत फुगतं, लक्ष ठेवा नाहीतर आंबूस वास येतो. ओटीजीमध्ये मधला कप्पा, आणि वरची कॉइल जवळ असेल तर आठव्या मिनिटाला वरून फॉइल टाका. घरी दळलेली पिठीसाखर चालते पण वस्त्रगाळ करून घ्या, नाहीतर आइसिंग खरखरीत लागतं. आणि पावसाळ्यात ते आइसिंग नीट वाळत नाही, वहिनीचं पंख्याखाली दोन तास ठेवूनही बोटाला लागत होतं, तर तेव्हा नुसता बन करून वरून लोणी-साखर लावा. आइसिंग लावलेले बन फ्रीजमध्ये ठेवू नका, पाणी सुटतं आणि पाव कडक होतो, बिनआइसिंगचे दोन दिवस डब्यात छान राहतात.

अंडं नको असेल तर त्याच्या जागी दोन चमचे घट्ट दही आणि दोन चमचे जास्तीचं दूध, रंग थोडा फिका येतो, मऊपणात काही फरक नाही. हे आम्ही आई परत जायच्या आदल्या गुरुवारी केलं, कारण तिला देवापुढे ठेवायचा होता आणि अंड्याचा चालला नसता. तेरा बन काढले, तिने तेरावा, आइसिंग न लावलेला, वाटीत घालून देव्हाऱ्यापुढे ठेवला, हात जोडले, मग तोच उचलून लेकीच्या हातात दिला आणि म्हणाली, "आता याला कान लाव."